सायकलवाले किर्लोस्कर

आमच्याकडे किर्लोस्कर म्हणजे माणूस नव्हे, मोटर! नेवासा तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा की विहिरीवर काय बसवलंय, तो हॉर्सपॉवर सांगायच्या आधी कंपनीचं नाव सांगेल. मी मूळची शनिशिंगणापूरची. हे नाव मी अक्षरं ओळखायला लागल्यापासून पंपाच्या पाटीवर वाचत आले. शाळा नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये झाली. तिथे एडिसन शिकवला, हेन्री फोर्ड शिकवला, राइट बंधू तर दोनदा शिकवले. पण पाटीवरच्या नावामागे एक हाडामांसाचा माणूस आहे आणि त्याच्या धंद्याची सुरुवात सायकलीच्या दुकानापासून झाली, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. आणि तेही सायकलीच्याच भानगडीतून.

भानगड हॉस्टेलवाल्यांना माहीत आहेच. मागचं सायकल स्टँड गेल्या सेमिस्टरला निघालं आणि तिथे फोर व्हीलर पार्किंगचे पांढरे पट्टे पडले. गेटपासून हायवेपर्यंतच्या रस्त्याला साइडपट्टी नाही. उसाचा सीझन सुरू झाला की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या येतात आणि सायकलवाल्याने गुपचूप खाली मातीत उतरायचं असतं. यावर अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (कारण मला मराठी टायपिंग येतं. कॉन्व्हेंटवालीला! पण ते असो.) अर्जाला जरा वजन यावं म्हणून आपल्याकडच्या सायकलींचा इतिहास शोधत होते, तेव्हा लक्ष्मणराव सापडले. अर्ज दीड पानाचा झाला, लक्ष्मणराव काही त्यात मावेनात. म्हणून हा लेख.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक, घरात शास्त्रपुराण आणि पोरगा मात्र शाळेच्या पुस्तकाकडे ढुंकून बघेना! हाताने काहीतरी करत बसायचं, चित्रं काढायची, एवढीच आवड. मुलगा वाया जाणार असं घरी सगळ्यांना वाटत होतं. थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी पाठीशी उभं राहायचं ठरवलं आणि लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. चित्रकार होण्यासाठी.

दोनेक वर्षं बरी गेली. मग लक्षात आलं की याला काही रंग एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा! आपल्यापैकी कुणाला थर्ड इयरला असं काही कळलं तर आपण बॅग भरून घरी जाऊ. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. यांत्रिक ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. फर्स्ट इयरला शीटवर आयसोमेट्रिक काढताना मिनी ड्राफ्टर फेकून द्यावासा वाटला नाही असा एकही वाचक नसेल, पण हा माणूस त्याच विषयाच्या जोरावर पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. म्हणजे आजचं व्हीजेटीआय. तेव्हा ते भायखळ्याला होतं, माटुंग्याला गेलं ते १९२३ साली. लक्ष्मणरावांकडे पदवी नव्हती. वर्ग संपला की ते इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये जायचे, यंत्रं खोलायची, परत जोडायची, परदेशातून येणारी तांत्रिक मासिकं वाचायची. त्यांचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज हेच.

आता सायकल. मुंबईत त्यांनी एका माणसाला दोन चाकांवरून जाताना पाहिलं आणि ते यंत्र डोक्यात बसलं. आज हे वाक्य कुणाला विनोदी वाटेल. पण काळ बघा. पुढचं आणि मागचं चाक सारखं, मागच्या चाकाला साखळी, अशी आज आपण चालवतो त्या जातीची सायकल इंग्लंडमध्ये स्टार्लीने बाजारात आणली १८८५ च्या सुमारास. डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं १८८८ साली. आणि किर्लोस्कर कंपनी आपलं जन्मवर्ष सांगते तेही १८८८. म्हणजे जगात सायकल जेमतेम सायकलसारखी दिसू लागली होती तेव्हा बेळगावात तिचं दुकान! तेव्हा लक्ष्मणराव एकोणीस वर्षांचे होते. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान. (हे गणित केल्यावर मी थोडा वेळ वही मिटून ठेवली होती.)

व्यवस्था अशी की लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भावाकडे धाडायच्या. रामूअण्णांनी विकायच्या. एकेका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, त्या काळचे! शिक्षकाचा वर्षभराचा पगार घातला तरी येणार नाही अशी वस्तू. बेळगावात लष्कराची छावणी, कोर्टकचेऱ्या, त्यामुळे पैसेवाले साहेब नि वकील होते. पण घेतलेली सायकल चालवायची कशी? घरात आधी कुणी चालवलेली नाही, गल्लीत नाही, गावातही नाही. आपल्याला बाबांनी किंवा दादाने मागून सीट धरून शिकवलं, त्या लोकांना सीट धरणारं कोण होतं? म्हणून रामूअण्णांनी शिकवणीही सुरू केली. फी पंधरा रुपये.

मला या सगळ्या चरित्रात पंधरा रुपयांची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. वस्तू विकली की काम संपलं असं त्या भावांना वाटलं नाही. गिऱ्हाईक पडणार, गुडघे फोडणार, हँडल वाकडं करून परत आणणार, हे धरूनच दुकान चालवायचं. पुढे नांगर विकताना हेच धोरण कामाला आलं. आज ज्याला आफ्टर सेल्स सर्व्हिस म्हणून आपण मॅनेजमेंटच्या पेपरात पाच मार्कांना लिहितो ते हेच.

आणखी एक. सायकल म्हणजे चालतं-फिरतं मेकॅनिकलचं पुस्तक आहे. हबमध्ये बॉल बेअरिंग, साखळीने ताकद मागे न्यायची, पोकळ नळीची फ्रेम म्हणजे वजन कमी आणि मजबुती जास्त. स्पोक तर फारच गमतीचे. बैलगाडीच्या चाकाचे आरे दाब सोसतात, सायकलीचे स्पोक ताण सोसतात. तार दाबली तर वाकते, पण ओढली तर केवढं वजन पेलते! ही सायकल उघडून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्या माणसाचा हात आपोआप तयार होतो. त्यामुळे जगभर हेच झालेलं दिसतं. अमेरिकेत राइट बंधूंनी सायकलीचं दुकान काढलं १८९२ साली आणि विमान उडवलं १९०३ साली. जपानमध्ये होंडाच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. आपल्या शाळेत राइट बंधू दोनदा शिकवले, पण बेळगावचे बंधू एकदाही नाहीत, याचा मला अजून राग येतो.

मुंबईतली नोकरी फार टिकली नाही. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. सायकलीबरोबर पवनचक्क्या विकून पाहिल्या. पण दुसऱ्याची यंत्रं विकण्यात त्यांचं मन रमेना. स्वतः काय बनवता येईल? अवतीभवती सगळी शेती. म्हणून पहिलं यंत्र केलं ते कडबा कापायचं. मग लोखंडी नांगर.

नांगराची कथा वाचताना मला आमच्या आजोबांची आठवण झाली, ते पण नवीन काही आलं की आधी नाहीच म्हणायचे. शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंड जमिनीत गेलं की माती विषारी होते, पीक जळतं. लाकडी नांगर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. नांगर तयार होऊन पडले आणि गिऱ्हाईक येईना. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली! दोन वर्षं कारखान्यात माल बघत बसायचं, कामगारांचे पगार द्यायचे आणि पुन्हा विश्वास ठेवायचा की वस्तू चांगली आहे. आपला एक बॅकलॉग राहिला तरी घरचं वातावरण कसं होतं ते आठवा.

आणि नेमकं धंद्याला बरे दिवस यायला लागले तेव्हा बेळगावच्या नगरपालिकेला शहर वाढवायचं होतं आणि त्यासाठी किर्लोस्करांची जागा हवी होती. जागा रिकामी करा असा हुकूम आला. पैसे सगळे यंत्रांत अडकलेले, दुसरी जागा नाही. गाव सोडायची वेळ आली. आज बेळगावात भर बाजारपेठेच्या भागात किर्लोस्कर रोड आहे. ज्या शहराच्या आखणीत या माणसाला जागा उरली नाही, त्याच शहराने पुढे रस्त्याला त्याचं नाव दिलं. म्युनिसिपालिटीचा हा विनोद मला अर्जात घालायचा होता, पण आमच्या सरांनी तो काढायला लावला.

मदतीला आले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारवाले राजे म्हणून आपण त्यांचं नाव ऐकलेलं असतं. ते स्वतः चित्रकार होते. म्हणजे बघा, रंगांनी ज्याला दगा दिला त्या माणसाला आधार दिला तो एका चित्रकार राजाने. औंधला लक्ष्मणरावांनी मंडपाचं काम केलं होतं, त्यावरून राजेसाहेबांना त्यांची पारख झालेली होती. त्यांनी आपल्या संस्थानातली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि बिनव्याजी कर्जही दिलं. जमीन कसली, निवडुंगाचं रान! साप-विंचवांचा सुळसुळाट, पाण्याची बोंब. जमेची बाजू एकच, रेल्वे. पुणे-मिरज-बेळगाव ही तेव्हाची मीटरगेज लाइन तिथून जात होती. लोखंड आणायचं, नांगर पाठवायचे, तर बैलगाडीच्या भरवशावर कारखाना चालत नाही. बेळगावची यंत्रंही त्याच लाइनीने इकडे आली. १९१० साली इथे वस्ती पडली, तिचं नाव किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीचे होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडत होते.

इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं. कारण त्यांनी नुसता कारखाना बांधला नाही, गाव आखलं. टाटांचं जमशेदपूर नुकतंच उभं राहू लागलं होतं, त्याच्या पाठोपाठची ही भारतातली औद्योगिक वसाहत. इंग्लंडमध्ये साबणवाल्यांनी पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटवाल्यांनी बोर्नव्हिल कामगारांसाठी वसवलं होतं, पण त्यांच्याकडे पैसा होता. लक्ष्मणरावांकडे निवडुंग होतं. आधी छपरात आणि झोपड्यांत संसार मांडले. त्यांच्या पत्नी राधाबाईंनी सगळ्या मंडळींच्या जेवणाखाणाचा भार उचलला. (चरित्रांत हे एका ओळीत उरकतात. रोज पंधरा-वीस पानं वाढणाऱ्या बाईला एक ओळ! आपल्या मेसच्या मावशींना विचारा.) मग निवडुंग तोडत रस्ते काढले, रस्त्याच्या कडेने घरं, घरांपुढे झाडं, शाळा. ड्रॉइंगच्या मास्तराने गावाचा आराखडा स्वतः केला. कामगार कामावर कसा येणार, संध्याकाळी त्याची बायकापोरं कुठे फिरणार, पावसाळ्यात पाणी कुठे जाणार, हा सगळा त्यांच्या हिशोबाने यंत्राचाच भाग होता. नांगर जसा फाळासकट विकायचा, तसं गाव रस्त्यासकट बांधायचं.

आणि माणसं? ती तर आणखी नवलाची. त्यांच्या भोवती जमलेल्या मंडळींत पदव्यांची माळ कुणाच्या गळ्यात नव्हती. अनंतराव फळणीकरांसारखे शाळा अर्धवट सोडलेले तिथे कल्पक इंजिनिअर झाले. शंभूराव जांभेकर यंत्रं सांभाळायचे, मंगेशराव रेगे हिशोब. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम, आणि हे साल १९१० च्या आसपासचं आहे हे विसरू नका.

रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी ठेवले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या. दोघेही दरोड्यासाठी शिक्षा भोगलेले! त्या काळात इंग्रज सरकारचा कायदा काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवत होता. तो १८७१ चा कायदा रद्द झाला थेट १९५२ साली. तशा काळात कारखान्याची राखण अशा माणसांच्या हातात द्यायची म्हणजे शेजारच्या गावांनी डोक्याला हात लावला असेल. पण दोघांनी वाडी इमानाने राखली.

शिंगणापूरच्या मुलीला यात विशेष वाटणारच. आमच्या गावात घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. बँकेची शाखा २०११ साली आली तर तीसुद्धा कुलुपाशिवायची म्हणून देशभर बातमी झाली. पोलीस ठाणं आलं २०१५ मध्ये. अलीकडे चोऱ्यांच्या बातम्याही आल्या आहेत, काही घरांपुढे फळ्या दिसतात, हे सगळं मी बघितलंय, उगाच पुराण सांगत नाही. पण लहानपणी आमची सायकल ओट्याला टेकून रात्रभर तशीच असायची, एवढं खरं. हॉस्टेलला आल्यावर माझी पहिली खरेदी होती साखळी-कुलपाची. गावात लोक देवाच्या धाकाने चोरी करत नाहीत असं म्हणतात. लक्ष्मणरावांनी धाक कुणाचाच घातला नव्हता. ज्याच्यावर कुणी विश्वास टाकला नाही त्याच्या हातात त्यांनी सरळ राखण दिली. हा प्रयोग मला शनीच्या धाकापेक्षा अवघड वाटतो. गावात वाचून कुणी रागावणार नाही अशी आशा आहे!

पुढचं बरंचसं आपल्याला तुकड्या-तुकड्यांत माहीत असतं. नांगरांपाठोपाठ उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, मग पंप. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी कारखान्याचं बातमीपत्र म्हणून किर्लोस्कर खबर निघालं, पुतणे शंकरराव त्याचे संपादक. त्याचंच पुढे किर्लोस्कर मासिक झालं आणि १९३० पासून स्त्री मासिक. म्हणजे नांगराच्या कारखान्यातून मराठीतली नावाजलेली मासिकं निघाली. आपल्या मॅगझिन कमिटीने याची नोंद घ्यावी, आपल्याला दरवर्षी कागदाचं बजेट मिळत नाही. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये पदवी घेऊन आला. पुण्यात ऑइल इंजिन, बंगळूरला विजेच्या मोटरी, हे कारखाने १९४६ साली उभे राहिले.

मग १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने आपण निवडुंग तोडून उभं केलेलं गाव जळाल्याचं ऐकावं! विश्वास हा त्यांचा आयुष्यभराचा पाया, त्यावरच तो घाव होता. कारखाना पुन्हा बांधला, पुन्हा चालू झाला, आजही तिथे पंप बनतात. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे.

सायकलीचं काय झालं? किर्लोस्करांनी ती केव्हाच मागे टाकली आणि आपण सगळ्यांनीही. एके काळी सायकलींचं शहर म्हणून पुण्याचं नाव होतं. तिथे २०१७ साली महापालिकेने खास सायकल आराखडा मंजूर केला. तरी तिथल्या मित्राकडे गेले तेव्हा ट्रॅकवर गाड्या लागलेल्या, हातगाड्या लागलेल्या, मध्येच विजेचा डीपी. इकडे आमच्या शिंगणापूरला शनिअमावस्येला लाखो माणसं येतात, रस्ते त्यांच्या गाड्यांच्या हिशोबाने रुंद होतात. घोडेगाव, सोनईकडे शाळा-कॉलेजला सायकलवर जाणाऱ्या पोरांचा हिशोब त्यात कुठे आहे ते मला अजून दिसलेलं नाही. अमेरिकेत डांबरी रस्त्यांची मागणी मोटारवाल्यांच्या आधी सायकलवाल्यांनी केली होती, १८८० मध्ये संघटना काढून. तेव्हा आपण काही जगावेगळं मागत नाही.

अर्जात मागण्या तीन आहेत. हॉस्टेलमागे चाळीस सायकलींचं पत्र्याचं स्टँड, गेटपासून हायवेपर्यंत दोन्ही बाजूंना मुरुमाची साइडपट्टी आणि वर्कशॉपमध्ये शनिवारी दोन तास पंक्चर, ब्रेक, बेअरिंगचं काम करायला जागा. तिसरीला वर्कशॉपच्या सरांनी तोंडी होकार दिला आहे. ज्यांना सायकल येत नाही त्यांना तिथेच शिकवू, फी घेणार नाही. यंदाची इंडस्ट्रियल व्हिजिट किर्लोस्करवाडीला न्यावी असा वेगळा कागदही जोडला आहे. सह्या आतापर्यंत एकशे बारा झाल्यात. कागद लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी आणि मुलांच्या मेसच्या काउंटरवर आहे, पेन मात्र आपापलं आणा.